देवाच्या नांवानें राखलेलें रान



कोंकणांत उघड्या कातळावरून उन्हांत चालत असतां एखाद्या वेळीं समोर दाट झाडांचें काळेभोर बेट दिसूं लागतें. आंत पाऊल टाकलें कीं ऊन मागें राहतें, हवा गार होते आणि पायांखालीं पाचोळ्याची मऊ गादी लागते. मध्यभागीं शेंदूर फासलेला एखादा पाषाण, नाहीं तर लहानशा कौलारू छपराखालीं काळकाई, वाघजाई असें गांवचें दैवत. हीच देवराई. दक्षिण कोंकणांत हिला देवरहाटी म्हणतात, कोठें नुसतीच राई. ह्या राईविषयीं आज मला चार शब्द सांगावयाचे आहेत.

झाडांची संख्या म्हणजेच रान, अशी पुष्कळांची समजूत असते. एक तोडलें, दोन लावलीं, हिशेब जुळला! परंतु अरण्य ही झाडांची बेरीज नव्हे. तो एक संसार आहे, आणि त्यांत कोणीहि एकट्यानें जगत नाहीं. धनेश पक्ष्याचेंच पाहा. विणीच्या वेळीं ह्याची मादी जुन्या झाडाच्या ढोलींत शिरते व ढोलीचें तोंड आंतून लिंपून घेते. एक अरुंद फट तेवढी ठेवते. त्या फटींतून नर तिला व पुढें पिलांना कित्येक आठवडे वड-उंबरांचीं फळें भरवीत राहतो. म्हणजे धनेशाला घरासाठीं म्हातारें झाड हवें, अन्नासाठीं फळझाडें हवींत; आणि रानांतील कितीतरी झाडांना आपलें बीं दूरवर पोंचविण्यास धनेश हवा. पोखरलेलें झाड निरुपयोगी म्हणून तोडलें कीं पक्ष्याचें घर मोडतें, आणि पक्षी गेला कीं झाडांची पुढची पिढी विरळ होते. ओळींत लावलेलीं एकाच जातीचीं हजार रोपें ही उणीव कशी भरून काढणार?

पाण्याचेंहि तसेंच आहे. कोंकणांत चार महिन्यांत शंभर-सव्वाशें इंच पाऊस कोसळतो. उघड्या डोंगरावरचें पाणी मातीला घेऊन समुद्राकडे धांवतें. राईंत तेंच पाणी आधीं उंच शेंड्यांवर, मग झुडपांवर, शेवटीं पाचोळ्यावर उतरतें. त्याचा जोर मोडतो. गांडुळें, वाळवी आणि मुळें यांनीं सच्छिद्र केलेली माती तें पोटांत घेते आणि हळूहळू झऱ्यावाटे सोडते.

सन १८६४ मध्यें हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झालेले डीट्रिख ब्रँडिस यांनीं अशा राया देशांत ठिकठिकाणीं असल्याची नोंद करून ठेवली होती. पुढें माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनीं महाराष्ट्रांतील राया हिंडून पाहिल्या व १९७६ सालीं आपलीं निरीक्षणें प्रसिद्ध केलीं. श्रीवर्धन तालुक्यांतील गाणी गांवची हकीकत ह्याच काळांतली. तेथील राईवर कुऱ्हाड पडावयाची होती. गांवकऱ्यांनीं ती वांचविण्यासाठीं धडपड केली, आणि त्यांचें म्हणणें अगदीं साधें होतें: आमचा बारमाही ओढा ह्या राईंतून निघतो, राई गेली कीं ओढा गेला. वनशास्त्राचा ग्रंथ ज्यांनीं उघडलाहि नव्हता, त्यांना त्या शास्त्राचें मर्म ठाऊक होतें.

दोडामार्ग तालुक्यांत हेवाळे-बांबर्डे येथें कानळाची राई आहे. जेमतेम अडीच हेक्टरांची. तेथें पाणथळ जागेंत रानजायफळाच्या कुळांतील दुर्मिळ वृक्ष उभे आहेत. गुडघे वर काढावेत तशीं त्यांचीं मुळें चिखलांतून वर आलेलीं दिसतात. मोठमोठीं जंगलें तुटलीं, पण हें एवढेंसें रान देवाच्या धाकानें टिकलें. आज त्याला जैवविविधता वारसास्थळ म्हणून मान मिळाला आहे.

मग देवाच्या रानाला भय कशाचें? पूर्वी राईंतलें झाड तोडण्याआधीं देवाला कौल लावीत, आणि देव सहसा होकार देत नसे. आतां देवळाचा जीर्णोद्धार निघतो. मुंबईस राहिलेले चाकरमानी भक्तीनें वर्गणी पाठवितात. कौलारू छपराच्या जागीं सिमेंटचें देऊळ उठतें. मग सभामंडप, मग फरशी, मग मोटारींसाठीं रस्ता. प्रत्येक कामापायीं कांहीं झाडें जातात, आणि पैसा कमी पडला तर एखादा पुरातन वृक्षहि विकला जातो. राईच्या सभोंवतीं खाजगी रानें तोडून काजूच्या व रबराच्या बागा होतात. राई एकाकी बेट होऊन बसते. ह्यांत कोणाचा दुष्टावा नाहीं. म्हणूनच ही गोष्ट अधिक दुःखाची. भक्तांच्याच हातून देवाचें खरें घर मोडत आहे.

कायदे आहेत. १९२७ चा वनकायदा आहे, १९८० चा वनसंवर्धनाचा कायदा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानें तर वनहक्कधारक गांवांच्या ग्रामसभांना आपलें सामूहिक रान राखण्याचा अधिकार दिला आहे. त्यांचा उपयोग अवश्य करावा. पण प्रत्येक झाडाखालीं शिपाई उभा करतां येत नाहीं. राई शिपायानें राखली नव्हती. ती गांवानें स्वतःस घालून घेतलेल्या बंधनानें राखली होती.

तें बंधन आजहि फार कठीण नाहीं. देऊळ लहानच असूं द्यावें. पाचोळा झाडून जाळूं नये. म्हातारें झाड उभें राहूं द्यावें, आणि पडलेलें झाड जागींच कुजूं द्यावें. त्याच्या मातीवर नवें रोप उगवतें. ज्यांचें गांव आतां केवळ सणापुरतें उरलें आहे, त्यांना माझी एकच विनंती आहे. पुढच्या खेपेस जीर्णोद्धाराच्या वर्गणीचें पत्र आलें, तर वर्गणी जरूर पाठवा. मात्र उत्तरांत एक ओळ अधिक लिहा: ह्या कामांत राईचें एकहि झाड जाणार नाहीं ना?