सेवापुस्तक

मायबाप संतसज्जनहो, वारीच्या वाटेवर असा किंवा घरी बसून हे पान वाचत असा, आजच्या निरूपणाला एकच शब्द घेतला आहे. सेवा. दोन अक्षरं. पण हा शब्द देवळातही आहे आणि कचेरीतही आहे, बरं का.

आधी देवळात जाऊ. पंढरीला विठोबाच्या नित्योपचारांसाठी परंपरेनं सात सेवाधारी. बेणारी मंत्र म्हणणार, पुजारी पूजा करणार, परिचारक पाणी आणणार, हरिदास गाणार, डिंगरे आरसा दाखवणार, दिवटे मशाल धरणार, डांगे चोप घेऊन उभे राहणार. आज आपण ही आडनावं म्हणून ऐकतो. मुळात ती कामं! वंशपरंपरेचे हक्क २०१४ साली न्यायालयाच्या निकालानं संपले, कारभार समितीकडे आहे. हक्क गेले तरी आडनाव राहतं. म्हणून आपल्या नावात कोणतं काम दडलंय, हे ज्यानं त्यानं बघावं.

आता कचेरीत या. कारकून हा फारसी शब्द. कार म्हणजे काम, कुन म्हणजे करणारा. जो काम करतो तो कारकून! चिटणीस, फडणीस यांतला ‘णीस’ही फारसीच, नवीस म्हणजे लिहिणारा. आणि इंग्रजांचा क्लार्क? तो तर मुळात चर्चमधला धर्मसेवक. युरोपात एके काळी लिहितावाचता येणारी माणसं बहुतेक चर्चचीच, म्हणून लिहिणाऱ्यालाच क्लार्क म्हणू लागले. म्हणजे पाहा, पोथी वाचणारा आणि वही लिहिणारा एकेकाळी एकच होता.

आपल्याकडेही तसा एक होऊन गेला. नाथमहाराज! देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत होते. स्वामींनी हिशेब सोपवला, एका पैची चूक निघेना. रात्र सरत आली, चूक सापडली आणि नाथांनी आनंदानं टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैच्या चुकीचा एवढा आनंद, मग संसाराची चूक सापडली तर केवढा होईल? परंपरेतली ही कथा तुम्ही अनेकदा ऐकली असेल. मी मात्र ती नोकरीत असताना ऐकली, मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन विसरलो.

होय, मी कारकून होतो. आज फेटा बांधून तुमच्यापुढे उभा आहे, पण तीस वर्षं टेबलामागं बसलो. एकदा एक आजी आल्या. नवरा वारलेला, पेन्शनचे कागद माझ्याकडे. मी म्हणालो, “साहेब नाहीत, उद्या या.” साहेब आत होते, हो! माझा चहा आला होता, एवढंच. आजी एसटीनं आल्या होत्या, एसटीनं गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या खेपेला मी कागद काढला. किती वेळ लागला? दहा मिनिटं. आजींनी वाकून माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाल्या, “देवासारखा भेटलास, बाबा.”

मायबाप, त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्या आषाढीला दर्शनाच्या बारीत रात्रभर उभा होतो. पाय भरून आले. समोर आलो तर देव उभा! कोणी उभं केलं त्याला? पुंडलिकानं. का? आईबापाची सेवा चालली होती म्हणून. वीट फेकली आणि म्हणाला, थांब जरा. देव थांबला. तेव्हा मनात आलं, थांबवलं तर पुंडलिकानंही आणि मीही. त्यानं सेवेसाठी थांबवलं, मी चहासाठी. टेबलापलीकडे काठी टेकून जी उभी होती, ती कोण होती, हे मला चार खेपा कळलं नाही.

सरकार प्रत्येक नोकराचं एक पुस्तक ठेवतं, त्याला सेवापुस्तक म्हणतात. माझ्या सेवापुस्तकात एकही वाईट शेरा नाही. त्या आजींच्या तीन फुकट खेपांची नोंद त्यात नाही. पण ती कुठंच नाही असं समजू नका. पैची चूक वहीत सापडते, ही आतच शोधावी लागते.

तुम्ही गादीवर असा, गाभाऱ्यात असा, तलाठ्याच्या सज्जात असा नाहीतर किराणा दुकानात. उद्या समोर कोणी उभं राहील. त्याला आधी म्हणा, “बसा.” काम जमेल तर आज करा, जमत नसेल तर खरं कारण सांगा. विठोबा अजून उभाच आहे, माउली. निदान त्याच्या माणसांना तरी आपण उभं ठेवू नये.

रामकृष्णहरी!