के-टूच्या पलीकडची मोजणी

८,६११ मीटर उंचीचं के-टू हे जगातलं दुसऱ्या क्रमांकाचं शिखर. १८५६ मध्येच ते मोजणीदारांच्या यादीत आलं. पण त्याच्या उत्तरेचा, शक्सगाम नदीकडचा मुलूख नकाशावर पुढची ऐंशी वर्षं बराचसा कोराच राहिला.

१९३७ साली एरिक शिप्टन, बिल टिलमन, मोजणीतज्ज्ञ मायकेल स्पेंडर आणि भूवैज्ञानिक जॉन ऑडन शेर्पांना घेऊन तिथे पोहोचले. त्यांना शिखर सर करायचं नव्हतं, नकाशा करायचा होता.

हिमनदीवर मोजणी करायची कशी? बर्फ सतत सरकतो, त्यामुळे कायमची खूण त्यावर करता येत नाही. त्यासाठी बाजूच्या खडकाळ उंचवट्यावर चढावं लागतं. तिथे तिपाईवर सपाट फळा आणि त्यावर कागद लावतात. ज्यांची जागा नक्की माहीत आहे अशी शिखरं हेरून आधी आपलं ठिकाण ठरवायचं, मग नव्या शिखराच्या दिशेने रेघ ओढायची. दुसऱ्या ठिकाणाहून पुन्हा तसंच करायचं. दोन रेघा जिथे छेदतात, तिथे ते शिखर. थिओडोलाइटने उभा कोन मोजला की उंचीचं गणित सुटतं. ढग उतरले, की काम बंद!

अशा मेहनतीतून त्या मोहिमेने सुमारे १,८०० चौरस मैलांचा प्रदेश कागदावर आणला.

आज हे काम उपग्रह करतात. पण उपग्रहांच्या आधीच्या काळात हिमनद्या कुठवर पसरल्या होत्या, हे तपासायला असे जुने नकाशे अजूनही उपयोगी पडतात.