अक्षरागणिक आवाज



गेम तयार करणाऱ्यांच्या संमेलनाचं अध्यक्षपद एका ध्वनिसंयोजकाला देऊन तुम्ही धाडसच केलं आहे. आपल्या धंद्यात आवाजवाल्याची आठवण सहसा सगळ्यात शेवटी होते, आणि तोवर पैसे संपलेले असतात. त्यामुळे आज माइक हातात आलाच आहे, तर थोडा वेळ घेईन म्हणतो.

मी बोलणार आहे तो आवाज तुम्ही सगळ्यांनी असंख्य वेळा ऐकलाय. पडद्याच्या तळाशी चौकट उघडते, पात्राचा संवाद एकेक अक्षर करत उमटू लागतो आणि प्रत्येक अक्षराबरोबर बारीकसं काहीतरी वाजतं. टिप्, टिप्, टिप्. कुणी त्याला ब्लिप म्हणतं, कुणी टेक्स्टचा आवाज. लांबी सेकंदाच्या काही शतांशांची. स्टुडिओत तो बनवायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागत नाही. म्हणूनच त्याला कुणी गंभीरपणे घेत नाही, आणि माझी तक्रार तिथूनच सुरू होते.

थोडा इतिहास. 1986 साली जपानात एनिक्स कंपनीचा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा खेळ निन्टेंडोच्या फॅमिकॉमवर आला. कथा आणि संवाद युजी होरी यांचे. अख्खा खेळ 64 किलोबाइटमध्ये बसवलेला. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोही त्यात मावणार नाही. जागेची ओढाताण अशी, की जपानी काताकाना लिपीतली जेमतेम वीसेक अक्षरंच खेळात घेतली गेली आणि राक्षसांची, गावांची नावं त्या अक्षरांत बसतील अशी ठेवावी लागली. तिथे बोलका आवाज कुठून येणार? शिवाय पडदा दोनदा रंगवला जाण्याच्या मधल्या क्षणार्धातच चित्रस्मृतीत नवं काही लिहायची सोय, त्यामुळे मजकूर थोडा थोडा उमटवणं सोयीचंच होतं. त्या थोड्या थोड्या उमटण्याला आवाजाची जोड मिळाली आणि गावकरी बोलू लागले.

फॅमिकॉमच्या ध्वनियंत्रणेत एकूण पाच वाहिन्या होत्या. दोन चौकोनी तरंगांच्या, एक त्रिकोणी तरंगाची, एक खरखरीची आणि एक ध्वनिमुद्रित तुकड्यांसाठी. संगीत त्यांच्यावरच, तलवारीचा खणखणाटही त्यांच्यावरच. त्यामुळे कुठलाही परिणाम वाजवायचा तर बऱ्याचदा चालू संगीतातली एखादी वाहिनी तेवढ्यापुरती गप्प करावी लागे. पाचच वादकांपैकी एकाला थांबवून त्या काळच्या लोकांनी हा टिप् आवाज वाजवला. त्यांना तो फालतू वाटत नव्हता, हे यावरून समजावं.

हा आवाज नेमकं काय करतो? लहानपणी आपण ओळीखाली बोट ठेवून वाचायचो. ब्लिप म्हणजे ते बोट. तो वाचनाचा वेग धरून ठेवतो, डोळ्याला पुढे पळू देत नाही आणि थांबायचं तिथे थांबवतो. पात्राचा स्वभाव वगैरे गोष्टी त्यानंतर येतात.

थांबण्याचं महत्त्व ज्याला शिकायचंय त्याने शू ताकुमी यांचा ‘एस अ‍ॅटर्नी’ खेळावा. कॅपकॉमचा हा वकिली खेळ 2001 साली गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर आला. ब्लिप मोजून तीन: पुरुषांसाठी खालच्या पट्टीतला, स्त्रियांसाठी वरच्या पट्टीतला आणि तारीख-वेळ-ठिकाण उमटताना टाइपरायटरची खटखट. एवढ्या भांडवलावर त्यांनी न्यायालयातली अख्खी उलटतपासणी उभी केली. साक्षीदार खोटं बोलताना अडखळतो तेव्हा ब्लिप मंदावतो. स्वल्पविरामाला बारीक थांबा, तीन टिंबांना लांब थांबा, आणि मग एकाच शब्दावर पडदा हादरतो, पांढरा झगमगाट होतो, धाडकन आवाज येतो. हे सगळं संवादाच्या मजकुरातच खुणा पेरून केलेलं आहे. म्हणजे लेखकच तिथे ध्वनिसंयोजक झाला आहे. माणसाचा खरा आवाज फक्त ‘हरकत आहे’ यासारख्या आरोळ्यांपुरता, आणि तोही निर्मितीतल्याच मंडळींचा. नायक फीनिक्स राइटची मूळ जपानी आरोळी खुद्द ताकुमी यांची. दहा मिनिटं टिपटिप ऐकल्यावर ती आरोळी कानावर आदळते, तेव्हा तिचं वजन कळतं. सगळेच संवाद बोलके असते तर ती इतर वाक्यांसारखीच एक होऊन गेली असती.

टोबी फॉक्स यांच्या 2015 सालच्या ‘अंडरटेल’मध्ये पात्रागणिक वेगळा ब्लिप आहे. सॅन्स नावाचा सांगाडा सतत विनोद करतो. त्याचा फॉन्ट गमतीचा आणि आवाज दबक्या हसण्यासारखा. एकदा तो तुम्हाला हॉटेलात जेवायला बसवतो, जुन्या गप्पा मारतो, आणि बोलता बोलता मध्येच एक धमकीचं वाक्य येतं. त्या वाक्याला ब्लिप नाही. अक्षरं सावकाश उमटतात, त्याच्या डोळ्यांतले ठिपके विझलेले, आणि कानावर काहीच येत नाही. मी हा प्रसंग विद्यार्थ्यांना दाखवतो तेव्हा वर्गात दरवेळी कुणीतरी मान वर करतं. आवाज नव्हता हे त्यांना सांगावं लागत नाही.

‘बॅन्जो-काझूई’मधली पुटपुट, ‘सेलेस्ट’मध्ये मनःस्थितीप्रमाणे बदलणारे सुरावटीचे बोल, यांच्यावर स्वतंत्र व्याख्यान होईल, ते आज राहू द्या. ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’ मात्र सोडता येत नाही. 2001 साली जपानात सुरू झालेल्या या मालिकेत प्राणी बोलतात तेव्हा चौकटीतल्या मजकुरातलंच एकेक अक्षर उच्चारलं जातं, फक्त फार भराभर आणि चिरक्या पट्टीत. नीट कान दिला तर मूळ शब्दाची सावली ऐकू येते. जपानी काना लिपीत हे सहज जमतं, कारण एक चिन्ह म्हणजे बहुधा एक उच्चार. चिन्ह उमटलं की आवाज. गणित चुकायचं कारणच नाही.

आता आपल्या दारात येऊ. आपली मुलंमुली मराठीत संवाद असलेले छोटे खेळ करू लागली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्यातले बरेच संवाद वाचताना कान दुखतो, आणि दोष ब्लिपच्या नादाचा नसतो. तो नको तिथे वाजतो.

संगणकाच्या लेखी ‘लक्ष्मी’ या शब्दात सात चिन्हं आहेत: ल, क, पाय मोडण्याची खूण, ष, पुन्हा पाय मोडण्याची खूण, म आणि दुसरी वेलांटी. सरळ चिन्हागणिक ब्लिप लावला की डोळ्यासमोर दोन अक्षरं आणि कानावर सात ठोके. तेही एक वेळ सोसलं असतं; पण पडद्यावर काय होतं ते बघा. ‘ल’ येतो. शेजारी ‘क’ येतो. त्याचा पाय मोडतो. मग त्याचा अचानक ‘क्ष’ होतो, त्याचाही पाय मोडतो, मग ‘क्ष्म’, मग वेलांटी. ‘सूर्य’ लिहिताना आधी अख्खा ‘र’ उमटतो, लंगडा होतो आणि मग उडी मारून ‘य’च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. ‘विठ्ठल’मध्ये ‘व’ नीट उभा असतो, तेवढ्यात पहिली वेलांटी मागून येते आणि त्याला उजवीकडे ढकलते. वाचणाऱ्याचा डोळा प्रत्येक ठोक्याला दचकतो. वेग धरून ठेवायला नेमलेला आवाजच वेग मोडतो.

यावर उपाय म्हणून काहीजण संवाद एकदम दाखवून मोकळे होतात, काहीजण शब्दागणिक एक ब्लिप लावतात. शब्दागणिक लावलेला ब्लिप मला पटत नाही. मराठीत ‘घरच्यांसाठीसुद्धा’ हाही एकच शब्द आणि ‘हो’ हाही एकच. दोघांना एकच ठोका दिला की बोलण्याची चाल जाते.

ठोका अक्षराला पडला पाहिजे. अक्षर म्हणजे काय हे आपल्याला कुणी परदेशातून येऊन शिकवायला नको. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरं मोजतो, तेव्हा जोडाक्षर एकच धरतो. ‘लक्ष्मी’ तिथे दोनच अक्षरांची. ओळ म्हणणाऱ्याच्या कानाला हा हिशेब शतकानुशतकं पुरला आहे. संगणकावरच्या लिप्यांचं प्रमाण ठरवणाऱ्या युनिकोडला तो जरा उशिरा उमगला. त्याच्या सर्वसाधारण नियमांनी मजकूर तोडला तर पूर्वी ‘लक्ष्मी’चे चार तुकडे पडत: ल, क्, ष्, मी. सप्टेंबर 2023 मध्ये आलेल्या 15.1 या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरं न तोडण्याचा नियम आला आणि आता दोनच पडतात. म्हणजे ताज्या सॉफ्टवेअर लायब्ररी वापरणाऱ्याला हे काम फुकटात मिळतं. ज्यांचं इंजिन जुनं आहे त्यांनी तुकडे स्वतः पाडावेत. एका दुपारचं काम आहे.

अर्थात वेगही नव्याने ठरवावा लागेल. इंग्रजी खेळात सेकंदाला तीसेक अक्षरं उमटवली तरी चालतं, आणि ब्लिप एकाआड एक वाजवतात, कारण सेकंदाला विसाच्या पुढे ठोके गेले की ते सुटे ऐकू येत नाहीत, त्यांची घरघर होते. मराठीत सेकंदाला तीस अक्षरं म्हणजे वाचकाचा छळ. माझं मत विचाराल तर बारा-पंधरापासून सुरुवात करा आणि मग कानाने ठरवा.

तरुण मित्रांना एक प्रयोग सुचवतो. ब्लिप दोन लांबीचे करून पाहा, लघू अक्षराला आखूड आणि गुरू अक्षराला किंचित लांब. वृत्तात कविता लिहिणाऱ्या मंडळींचा हा रोजचा हिशेब आहे. तुमच्यातल्या एखाद्या प्रोग्रॅमरने मराठीच्या प्राध्यापकाला चहाला बोलवावं. दोघांनाही काहीतरी नवं कळेल. ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’मधल्या प्राण्यांच्या बोलीसारखं काही करायचं असेल, तर मात्र सावध राहा. आपण ‘करतो’ लिहितो तीन अक्षरांत आणि बोलतो ‘कर्-तो’. अक्षरागणिक उच्चार केले तर तुमचा प्राणी पहिलीतल्या पोरासारखा वाचू लागेल.

‘पैसे आले की खरे कलाकार घेऊन संवाद बोलके करू, तोवर ब्लिप’ असं मी पुष्कळांकडून ऐकतो. जरूर घ्या कलाकार; त्यांच्याही घरी चूल आहे. पण ब्लिप ही गरिबाची तडजोड आहे असं समजू नका. मालवणी म्हातारीचा संवाद लिहिलेला असेल तर वेंगुर्ल्याचा वाचक तो आपल्या आजीच्या सुरात वाचतो, आणि अकोल्याच्या वाचकाला त्या जागी त्याची स्वतःची आजी सापडते. कलाकाराचा आवाज ही मोकळीक काढून घेतो. कधी काढून घ्यावी आणि कधी ठेवावी, हा निर्णय लेखकाने आणि ध्वनिसंयोजकाने मिळून घ्यायचा आहे. हिशेबनीसाने नव्हे.

आता जाता जाता संमेलनाकडे मागणं. ब्लिपचा आवाज कमीजास्त करायला सेटिंगमध्ये वेगळी पट्टी असावी आणि तो पूर्ण बंदही करता यावा. बारीक तीव्र आवाजांचा त्रास होणारी माणसं आपल्यात आहेत, आणि स्क्रीन रीडरवर खेळणाऱ्या अंध खेळाडूच्या कानात तो वाचनावर कुरघोडी करतो. ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’च्या गेमक्यूब आवृत्तीत प्राण्यांचं बोलणं, नुसती टिपटिप किंवा शांतता, असे तिन्ही पर्याय होते, आपण त्याच्या मागे राहायचं कारण नाही. दुसरं, मराठी मजकुराचे अक्षरागणिक तुकडे पाडणारा कोड ज्याच्याकडे तयार आहे त्याने तो सर्वांसाठी खुला करावा, आणि सोबत लक्ष्मी, सूर्य, विठ्ठल, स्त्रिया अशा अवघड शब्दांची चाचणीची यादी द्यावी. उद्या दुपारी ठरावांचं सत्र आहे. हे दोन्ही ठराव मी अध्यक्ष म्हणून मांडणार आहे. अनुमोदनाला हात वर करायला तेवढे थांबा, गाड्या संध्याकाळच्या आहेत.