कर्जाला भिणाऱ्या देशातला उधारीचा बाजार



आमच्या महाविद्यालयातला एक जुना विद्यार्थी पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला गेला. मुलगा शेतकऱ्याच्या घरातला, हुशार आणि काटकसरी. तिथे पोचल्यावर दोन-तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. आवाजात वैताग होता. "सर, भाड्यानं खोली बघायला गेलो होतो. घरमालकानं आधी एक कागद मागितला. माझ्या नावावर कर्ज किती, हप्ते वेळेवर जातात की नाही, हे सांगणारा कागद. मी म्हटलं, मी कुणाचा एक पैसा देणं लागत नाही. तर तो म्हणतो, तेच कागदावर आणा." आणि मग त्याने मला खरा टोला हाणला. "तुम्ही तर वर्गात सांगितलं होतं, जर्मन माणूस कर्जाला भितो म्हणून. मग अशा देशात हा कर्जाचा दाखला कशाला?"

प्रश्न बिनतोड होता. मी वर्गात सांगितलं होतं ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं आज आपल्यापुढे ठेवतो.

जर्मन भाषेत 'शुल्ड' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ अपराध, दोष. त्याच शब्दाचे अनेकवचन केले, 'शुल्डेन' म्हटले, की अर्थ होतो कर्ज. म्हणजे कर्ज काढले हे सांगायला जो शब्द तोंडात येतो, त्याच्या पोटातच 'मी चुकलो' असे दडलेले असते. आता आपल्या भाषेकडे पाहा. समारंभात आभार मानताना आपण म्हणतो, 'मी आपला ऋणी आहे', आणि कुणाला त्यात लाज वाटत नाही. आई-वडिलांचे ऋण, गुरूचे ऋण हे तर आपण मिरवतो. सावकाराकडून काढलेल्या पैशाला मात्र आपण वेगळा शब्द ठेवला आहे: कर्ज. जर्मनांना ही सोय नाही. शब्दामुळेच माणसे भितात असे मी म्हणणार नाही. भाषा एवढी बलवान नसते. पण भीतीला शब्द आयता मिळाला, एवढे खरे.

ही भीती आली कोठून? पुष्कळ लोक १९२३ सालाकडे बोट दाखवतात. त्या वर्षी जर्मनीत चलन इतके घसरले, की नोव्हेंबरात एका डॉलरला चार लाख वीस हजार कोटी मार्क मोजावे लागत. आयुष्यभर साठवलेली ठेव एका पावाच्या किमतीचीही राहिली नाही. पण जरा थांबून विचार करा. त्या वादळात बुडाला कोण? साठवणारा. आणि तरला कोण? ज्याने आधी कर्ज काढून ठेवले होते तो. त्याचे कर्ज रद्दी कागदाच्या भावाने फिटले. पुढे १९२५ च्या कायद्याने जुन्या गहाणखतांचे एक चतुर्थांश मोल पुन्हा उभे केले, पण तीन भाग तर गेलेच. १९४८ च्या जूनमध्ये पश्चिम जर्मनीत नवे चलन आले तेव्हाही तीच तऱ्हा. बँकेतल्या १०० जुन्या मार्कांचे हाती आले अवघे साडेसहा नवे मार्क, आणि १०० मार्कांच्या कर्जाचे झाले १०. एकाच पिढीने दोनदा पाहिले, की काटकसर करणारा मार खातो आणि देणेकरी सुटतो. गणिताने जायचे तर या लोकांनी कर्जाच्या मागे धावायला हवे होते. ते धावले बचत खात्याकडे! आजही तिथली कुटुंबे हाती येणाऱ्या शंभरातले दहा-अकरा बाजूला टाकतात. अर्थशास्त्र शिकवताना मी मुलांना हे मुद्दाम सांगतो, कारण माणूस नफातोट्याच्या हिशेबाने वागतो असे आमची पुस्तके सांगतात, आणि इथे तो तसा वागलेला दिसत नाही.

याचे एक कारण शिक्षकबंधूंना जवळचे वाटेल. बचत ही तिथे शाळेपासून लावलेली सवय आहे. हँबुर्ग शहरात १७७८ सालीच गोरगरिबांसाठी बचत पेढी निघाली आणि पुढे गावोगावी अशा पेढ्या झाल्या. १९२४ साली इटलीतल्या मिलान शहरी जगभरच्या बचत बँकांची परिषद भरली आणि ऑक्टोबरअखेरचा एक दिवस जागतिक बचत दिन ठरला. त्या दिवशी जर्मन मुले आपला गल्ला घेऊन बँकेत जात, खिडकीपलीकडचा माणूस तो फोडून नाणी मोजी आणि मुलाच्या हातावर एखादे खेळणे ठेवी. आमच्या लहानपणी शाळेत 'संचयिका' असे, तिची आठवण येते. फरक एवढाच, की आमची संचयिका चौथी-पाचवीनंतर कुठे गेली हे आम्हाला कळलेच नाही.

पण कर्ज म्हणजे पापच, असे जर्मनांनी कधी मानले का? नाही. आणि याचा पुरावा आपल्या प्रत्येक गावात उभा आहे. १८४७ च्या दुष्काळात पश्चिम जर्मनीतल्या डोंगराळ मुलखात फ्रीडरिश रायफायझेन नावाचा एक तरुण पुढारी गावचा कारभार पाहत होता. त्याच्या भागात सावकार शेतकऱ्याला गाय उधार देत आणि त्या गायीपायी शेत घेऊन जात. रायफायझेनने आधी लोकांना पाव मिळेल अशी मंडळी काढली, आणि १८६४ साली हेडेसडोर्फ येथे शेतकऱ्यांची स्वतःची पतसंस्था. तिचा नियम कडक: एकाने बुडवले तर सगळ्यांनी भरायचे. म्हणून शेजारी शेजाऱ्याला विचारी, 'पैसे कशाला हवेत?' गाय घ्यायला, बियाण्याला, तर हो. डामडौलाला, तर नाही. मद्रास सरकारने १८९२ मध्ये फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्याला हेच पाहायला युरोपात धाडले. त्याने अहवालात याच पद्धतीची शिफारस केली. आणि १९०४ साली आपल्याकडे सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. आपल्या गावच्या सोसायटीची नाळ अशी तिकडे पोचते.

तेव्हा भेद कर्ज आणि बिनकर्ज असा नव्हता. कमावून देणारे कर्ज सभ्य, आणि वापरून संपणाऱ्या वस्तूचे कर्ज असभ्य, असा होता. आता खरी गंमत पुढे आहे. असभ्य म्हटलेला तो बाजार वाढतच गेला.

पहिले शिवणयंत्र आले. शिंपीणबाईला ते रोखीने परवडेना, म्हणून हप्त्याने देऊ लागले. करारात एक फास असे: एक हप्ता चुकला की यंत्र परत, आणि भरलेले पैसेही गेले. १८९४ साली जर्मनीने यावर कायदा केला. यंत्र परत नेलेस तर वापराचा आणि झिजेचा आकार कापून घे, बाकीचे हप्ते परत कर. शिवाय उरलेली सगळी रक्कम एकदम मागायची असेल, तर लागोपाठचे दोन हप्ते थकलेले हवेत आणि ती थकबाकी किमतीच्या निदान एक दशांश हवी. १८९४ मधला कायदा आहे हा, लक्षात घ्या! आपल्याकडे सुप्याला १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्त जाळले, त्यानंतर चार वर्षांनी दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. इकडे शेतकरी होता, तिकडे शिवणयंत्रावर बसलेली बाई होती. दोघांच्या गळ्यातला फास मात्र कागदाचाच होता.

दुसरी गोष्ट १९२७ ची, आणि तीच माझ्या विद्यार्थ्याला भोवली. बर्लिनमध्ये वीज आली होती, पण लोकांकडे विजेची उपकरणे नव्हती. मग वीज खपणार कशी? वीज कंपनी इस्त्री, चूल अशा वस्तू हप्त्याने देऊ लागली आणि हप्ता विजेच्या बिलाबरोबर घेऊ लागली. बिल वेळेवर कोण भरतो हे कंपनीला ठाऊक होतेच. ही माहिती इतर दुकानदारांच्याही कामाची आहे, हे कुणाच्या तरी ध्यानात आले. त्यातून 'शूफा' ही संस्था निघाली. देणे कोण पाळतो याची सामाईक वही म्हणा ना. आज तिच्याकडे सुमारे सहा कोटी ऐंशी लाख माणसांची नोंद आहे. बँकेत खाते काढा, मोबाइलची जोडणी घ्या, हप्त्याने कपाट घ्या, नोंद होते. त्या नोंदींवरून माणसाला एक गुणांक मिळतो. तो कसा काढतात हे पूर्वी व्यवसायाचे गुपित म्हणून सांगत नसत. ७ डिसेंबर २०२३ रोजी युरोपीय न्यायालयाने ठरवले, की बँक जर या यांत्रिक गुणांकावरच भिस्त ठेवून कर्ज नाकारत असेल, तर गुणांक काढणे हाच निर्णय होय, आणि असा निर्णय माणसाला वगळून घेण्यावर कायद्याची बंधने आहेत. मला हा निवाडा मोठा वाटतो. गावातला सावकार तरी तोंडावर 'नाही' म्हणायचा.

एकदा वही तयार झाल्यावर बाजाराला रस्ता सापडला. १९५९ मध्ये मोठ्या बँकांनी पगारदारांना दोन हजार मार्कांपर्यंतचे छोटे कर्ज द्यायला सुरुवात केली. पुढच्या दहा वर्षांत पगार पाकिटाऐवजी खात्यात जमा होऊ लागला, आणि खात्यात शिल्लक नसताना ठरावीक रकमेपर्यंत पैसे उचलण्याची मुभा आली. तिला ते लाडाने 'डिस्पो' म्हणतात. तिचे व्याज हप्त्याच्या साध्या कर्जापेक्षा बरेच जड असते. पण गंमत पाहा, कर्ज काढायचे तर बँकेत जाऊन मागावे लागते. डिस्पोत न मागता घसरता येते. महिनाअखेरीस खाते उण्यात गेलेल्या माणसाला विचारा, 'कर्ज आहे का?' तो म्हणेल, 'छे, जरा डिस्पोत आहे.' क्रेडिट कार्डाचेही तसेच. बहुतेकांच्या खिशात जे कार्ड असते ते खात्यातून सरळ पैसे कापणारे.

कर्जाला भिणाऱ्या समाजात कर्जात बुडालेल्याचे काय होते? २०२४ च्या पाहणीप्रमाणे जर्मनीत सुमारे ५५ लाख प्रौढ, म्हणजे शंभरातले आठ, फेडता येणार नाही इतक्या देण्याखाली होते. कारणे आपल्या ओळखीचीच: नोकरी गेली, दुखणे आले, घटस्फोट झाला. कर्ज-सल्ला केंद्रातली माणसे सांगतात, की येणारा पुष्कळदा एक पिशवी घेऊन येतो. पिशवीत न फोडलेली पाकिटे असतात. मागणीपत्रे, नोटिसा, वर्षावर्षाची. उघडायची हिंमतच झालेली नसते.

हे वाचले तेव्हा मला आमच्या घरची एक गोष्ट आठवली. माझे वडील प्राथमिक शिक्षक. एका सहकारी गुरुजींना त्यांनी पतसंस्थेत जामीन दिला होता. गुरुजींच्या घरात दुखणे निघाले, हप्ते थांबले, आणि वडिलांच्या पगारातून कपात सुरू झाली. ती तीन वर्षे चालली. आईने त्या तीन वर्षांत नवे लुगडे घेतले नाही, पण वडिलांना ते लागले नाही. लागले ते हे, की गुरुजी त्यांना समोरून येताना पाहिले की रस्ता ओलांडून पलीकडे जात. "अरे, येऊन बोलला असता तर काहीतरी वाट काढली असती," असे वडील म्हणत. गुरुजी शेवटपर्यंत बोलले नाहीत.

जर्मनीत १९९८ अखेरपर्यंत न्यायालयाचा हुकूम घेतलेला सावकार तीस वर्षे मागे लागू शकत असे. १ जानेवारी १९९९ पासून नवा कायदा आला. बुडालेल्या साध्या माणसाने आधी सल्ला केंद्राच्या किंवा वकिलाच्या मदतीने सावकारांशी तडजोडीचा प्रयत्न करायचा. तो फसल्याचा दाखला घेऊन न्यायालयात जायचे. मग ठरलेल्या मुदतीत काम करायचे किंवा शोधायचे, आणि पोटापुरते ठेवून वरची मिळकत न्यायालयाने नेमलेल्या विश्वस्ताकडे द्यायची. पोटापुरते म्हणजे एकट्या माणसाला आज महिना दीड हजार युरोच्या आसपास. मुदत संपली की उरलेले देणे माफ. सुरुवातीला ही मुदत सात वर्षांची होती, मग सहा झाली, आणि १ ऑक्टोबर २०२० नंतरच्या अर्जांना तीन. फसवून काढलेले पैसे, दंड, जाणूनबुजून बुडवलेली पोटगी यांना माफी नाही. कायदा होताना आरडाओरड पुष्कळ झाली, की अशाने लोक बेफिकीर होतील. पण ज्या माणसाला पाकीट फोडायची लाज वाटते तो माफी आहे म्हणून कर्ज काढत सुटेल, हे मला तरी पटत नाही. त्याला दारापर्यंत आणणे हेच तिथल्या सल्लागारांचे मोठे काम असते.

माझ्या विद्यार्थ्याला पुढे खोली मिळाली. काही महिन्यांनी त्याने शूफाकडून स्वतःच्या नोंदींची प्रत मागवली. ती विनामूल्य मागण्याचा हक्क तिथे प्रत्येकाला आहे. त्यात दोनच ओळी निघाल्या: एक बँकेचे खाते, एक मोबाइलची जोडणी. मोठ्या कौतुकाने त्याने गावी वडिलांना सांगितले, की जर्मनीच्या कर्जाच्या वहीत माझे नाव लागले. पलीकडून काही वेळ आवाजच आला नाही. मग वडिलांनी हळूच विचारले, "किती काढलंस रे?"