माळावरचा पांढरट दगड



पेणकरांना मातीचे मोल मी काय सांगणार? पण गणपतीची शाडू आपल्याकडे गुजरातेतून येते आणि रोह्याच्या डोंगरमाथ्यावरचा एक दगड बाहेर जातो. त्या दगडाविषयी, म्हणजे बॉक्साइटविषयी, थोडे बोलतो.

आपले डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे, काळ्या बेसॉल्टचे. त्यात अ‍ॅल्युमिना शंभरात चौदा-पंधरा भाग. सपाट माथ्यावर पाऊस वाहून न जाता आत मुरतो. लाखो वर्षांत त्याने सिलिका, चुना, सोडा धुऊन नेला. लोह आणि अ‍ॅल्युमिना मागे उरले. लोह भरपूर असलेला तो आपला जांभा. लोहही बरेचसे गेले, तिथे फिकट, मसुराएवढ्या गोळ्यांचे बॉक्साइट. रोहा, मुरूड, श्रीवर्धनच्या पठारांवर ते मिळते. पेणच्या खारपाटात शोधू नये! भूगोलाच्या तासाला ‘जांभी मृदा’ पाठ करताना हे काही कळले नव्हते, सरांनी माफ करावे.

जांभ्याला ‘लॅटेराइट’ हे नाव बुकाननने 1807 मध्ये मलबारातील दगडावरून दिले. बॉक्साइट 1821 मध्ये फ्रान्समधील ले बो गावी ओळखले गेले. दोघांचे कूळ एकच, हे कळायला पुढे बरीच वर्षे गेली. भारतातील बॉक्साइटवर सिरिल फॉक्स यांचा मोठा ग्रंथ भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने 1923 मध्ये काढला.

शोधाचे काम मात्र नीरस. माळावर चौकटी आखायच्या, खड्डे घ्यायचे, हात-हातभर खोलीचे नमुने वेगळे बांधायचे. दहा पावलांवर चांगला दगड संपून नुसता जांभा लागतो. सिलिका जास्त निघाली की माल नापास, कारण अ‍ॅल्युमिना वेगळा काढताना ती कॉस्टिक सोडा खाते.

अशाच एका माळावर गुरे राखणारे एक धनगर आजोबा खड्ड्याच्या काठावर येऊन बसले. म्हणाले, “सायेब, खड्डे लय झाले. पण खालचा झरा कुठनं येतो, ते बघितलंत का?”

मी बघितले नव्हते. वरचा सच्छिद्र थर पाऊस पितो, खालची चिकणमाती त्याला अडवते आणि पाणी कड्याच्या कुशीतून बाहेर पडते. म्हणजे आम्ही मोजत होतो तो थर वाडीची पाण्याची टाकीही होता, आणि जाडी जेमतेम काही मीटर.

त्यानंतर प्रत्येक खड्ड्याच्या नोंदीत मी जवळचा झरा आणि तो कोणत्या महिन्यात आटतो, हेही लिहू लागलो. छापील तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता. समासात लिहीत असे.