वसंताला वेशीपर्यंत सामोरे जाऊ या

(श्री भैरवनाथ मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात वसंत पंचमीच्या दिवशी केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. तालुक्याच्या कचेरीत कारकुनी करणारा, एस. एस. सी. पर्यंत शिकलेला, आपल्यातलाच एक आहे. आवक-जावक लिहिणे आणि तक्ते भरणे एवढेच माझे लिखाण. तेव्हा चुकले तर पदरात घ्यावे. समितीने या दिवसांतल्या आपल्या चालीरीतींवर दोन शब्द बोलायला सांगितले. आज माघ शुद्ध पंचमी, वसंत पंचमी. म्हणून विषय दुसरीकडे शोधावा लागला नाही.

एक गोष्ट मला लहानपणापासून कोड्यात टाकत असे. शाळेत गुरुजींनी सहा ऋतू पाठ करून घेतले होते. चैत्र-वैशाख वसंत, माघ-फाल्गुन शिशिर. मग ऐन शिशिरात, पहाटे अजून वाकळ सोडवत नाही अशा दिवसांत, वसंताची पंचमी कशी? चैत्र लागायला अजून जवळजवळ दोन महिने बाकी असतात.

उत्तर मला पोथीत सापडले नाही, गावाच्या रीतीत सापडले. सोयरे येणार म्हटल्यावर आपण उंबऱ्यात बसून राहत नाही. वाजंत्री घेऊन वेशीपर्यंत सामोरे जातो, सीमांतपूजन करतो. वसंत पंचमी हे वसंताचे सीमांतपूजन आहे, अशी माझी समजूत आहे. पाहुणा अजून दूर आहे, पण त्याची धूळ दिसू लागली आहे. आंब्याला मोहोर आला, नाल्याकाठचा पळस पाने टाकून कळ्या धरू लागला. घरात बसणाऱ्याला यातले काही दिसत नाही. त्यासाठी उठून रानात जावे लागते.

देवालाही हे कळते. आज पंढरपुरात विठ्ठल-रुक्मिणीचा विवाहसोहळा होतो. आजपासून रंगपंचमीपर्यंत विठुरायाला पांढरा पोशाख असतो आणि त्यावर रंगाची उधळण होते. पुढे पाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत त्याला चंदनाची उटी लावतात. म्हणजे उन्हाळ्याची चाहूल देवाच्या अंगावरच्या वस्त्रात आणि उटीत दिसते. सरकारलासुद्धा हे अगदीच अमान्य नाही. २२ मार्च १९५७ रोजी भारत सरकारने राष्ट्रीय सौर कालगणना स्वीकारली, तिचे वर्ष चैत्रापासून सुरू होते. राजपत्राच्या माथ्यावर इंग्रजी तारखेबरोबर शके तारीखही छापलेली असते. टेबलावर राजपत्र आले की मी आधी ती ओळ वाचतो. फाल्गुन दिसला की क्षणभर कचेरीच्या भिंती दूर होतात.

आपले वाडवडील या दिवसांत रानातच राहत. ज्वारी हुरड्यात आली की बांधाकडेला आगटी पेटे. पहिले कणीस म्हसोबापुढे, मग लहान मुलांच्या ओंजळीत. गूळभेंडीची कणसे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायची, गरम गरम चोळायची, फुंकर मारून तूस उडवायचे. सोबत लसणाची चटणी, गुळाचा खडा आणि वाटीभर दही. पुढे हरभरा भरला की डहाळ्यांचा हावळा होई आणि तोंडे काळी करून पोरे घरी येत. खळ्यावर रास पडली की राखणीला उघड्यावर निजायचे. आज मळणी यंत्र एका दुपारी सगळे उरकते. ते चांगलेच झाले, जनावरांचे आणि माणसांचे कष्ट वाचले. पण त्या निमित्ताने आभाळाखाली निजणे होते, तेही गेले.

फाल्गुनी पौर्णिमेला होळी. गोवऱ्या, पालापाचोळा, वाळका लाकूडफाटा, म्हणजे शिशिराने जे टाकून दिले ते सगळे जाळायचे. पळसाची फुले पाण्यात उकळली की केशरी रंग होतो, तो रंगपंचमीला. मग पाडवा आणि कडुलिंबाचा कोवळा पाला. बघा, यात विकत आणायचे फारसे काही नाही. झाड, माती, विस्तव आणि पाणी. गरिबालाही वसंताचे स्वागत थोरामोठ्यांइतकेच थाटात करता येत होते.

आता एक स्वतःची गोष्ट सांगतो. सांगावी की नाही, असा विचार रात्रभर केला. पण देवासमोर उभा आहे.

कचेरीत वसंत मार्चअखेर या नावाने येतो. वसुलीचे तक्ते, उद्दिष्टे, स्मरणपत्रे. २०१७ सालच्या माघात आमच्या तात्यांचा निरोप आला, "कणसं हुरड्यात आली, रविवारी पोरांना घेऊन ये." मी म्हटले, पुढच्या रविवारी येतो. पुढच्या रविवारीही तेच म्हटले. तिसऱ्या रविवारी गेलो, तोवर दाणा निबर झाला होता. तात्या काही बोलले नाहीत. त्यांनी आम्हाला भाकरी खायला घातली आणि विहिरीवरचा मोहरलेला आंबा दाखवला. आई नंतर म्हणाली, बांधाकडेला मागास पेरलेल्या ताटांची कणसे त्यांनी तुझ्यासाठी फडकी बांधून राखली होती. तरी पाखरांनी खाल्ली.

त्याच फाल्गुनात, होळीनंतर थोड्याच दिवसांनी तात्या गेले. मला चौदा दिवस रजा मिळाली, कोणी एका शब्दाने अडवले नाही. वसुलीही माझ्यावाचून झाली. मंडळी, मी कोणाला बोल लावत नाही. हुरड्यासाठी एक दिवस रजा कोणी नाकारली नव्हती, मी अर्जच केला नव्हता. ती चूक माझी होती आणि आता ती दुरुस्त करता येत नाही. तेव्हापासून माघात एक दिवस मी मुलांना घेऊन रानात जातो. तात्यांची आगटीची जागा तीच ठेवली आहे.

हे सगळे आजच्या प्रसंगी का सांगितले? मंदिराचे काम ठरले तेव्हा आवारातला जुना लिंब तोडावा की ठेवावा, यावर बैठकीत बराच वाद झाला. शेवटी समितीने शहाणपणाने निर्णय घेतला. सभामंडप चार हात आखूड झाला, पण लिंब राहिला. त्याच्याच पाल्याने गावाचा पाडवा होतो. आता उरलेल्या पटांगणातही फरशी टाकून वर पत्रा घालावा, अशी सूचना आली आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. यात्रेला आलेल्या माणसाला ऊन लागू नये, पावसात चिखल होऊ नये, हे खरे आहे. त्यांनी गावासाठी हात सैल सोडला आहे, त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे.

तरी हात जोडून विनंती करतो की पूर्वेकडची मोकळी माती तशीच राहू द्यावी. होळी फरशीवर पेटवता येत नाही. पत्र्याखाली पौर्णिमा दिसत नाही. देव वर्षभर गाभाऱ्यात असतो, पण चैत्रातल्या यात्रेला पालखीत बसून तोही आभाळाखाली येतो. त्याला बाहेर यायला जागा ठेवली पाहिजे. सावली हवी असेल तर या पावसाळ्यात कडेने आणखी चार लिंब लावू. खड्डे खणायला मी येईन आणि दोन उन्हाळे पाणी घालण्याची जबाबदारीही घेतो.

तरुण मंडळींना एवढेच सांगणे आहे की होळीसाठी ओले झाड तोडू नका. ज्या वसंताला सामोरे जायचे, त्याचीच फांदी तोडून त्याचे स्वागत कसे होईल? आणि बाहेरगावच्या बांधवांना विनंती, की यात्रेला तर याच, पण माघात एक दिवस आधी या. घरून निरोप आला तर पुढच्या रविवारावर ढकलू नका. दाणा आपल्यासाठी थांबत नाही आणि म्हातारी माणसेही थांबत नाहीत.

शिखराला आज कळस चढला. तो दुरून, शिवारातून फार सुंदर दिसतो. ज्यांनी अजून तिथून पाहिला नसेल, त्यांनी संध्याकाळी मुलांचा हात धरून वेशीबाहेर जावे आणि पाहावा. जाता जाता मोहोराचाही वास घ्यावा.



भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!