दिवाणजी बदलतो, वाडा राहतो

मी काही राज्यशास्त्राचा प्राध्यापक नाही. बी.ए. झालेला, मराठीत कविता करणारा माणूस. पण शब्दांशी रोजचा व्यवहार असल्यामुळे दोन शब्दांची गल्लत झाली की कानाला खटकतं. ते शब्द म्हणजे ‘राज्य’ आणि ‘सरकार’.

‘सरकार’ हा शब्द फारसीतून आला आणि ‘अर्ज’, ‘जिल्हा’, ‘वकील’ यांच्यासारखा इथलाच होऊन गेला. पूर्वी संस्थानिकालाही ‘सरकार’ म्हणत. मालकही तोच आणि कारभारीही तोच! लोकशाहीत तसं नसतं.

राज्य म्हणजे इथं महाराष्ट्र किंवा गुजरात नव्हे, तर अख्खा देश, एक राजकीय संस्था म्हणून. तिचे चार घटक अभ्यासक सांगतात: लोक, भूप्रदेश, शासनसंस्था आणि सार्वभौमत्व. म्हणजे सरकार हा चारांपैकी एक. वाड्यातल्या दिवाणजीसारखा. दिवाणजी बदलतो, वाडा राहतो.

उदाहरण घ्या. १७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मतानं पडलं. पुढच्याच महिन्यात कारगिलची लढाई सुरू झाली. दिल्लीत मंत्रिमंडळ काळजीवाहू होतं, पण सैन्य लढलं आणि जिंकलं, कारण राज्य जागेवर होतं. आणि विरोधात मत देणारे ते २७० खासदार? त्यांनी सरकार नाकारलं होतं, देश नव्हे.

बेल्जियममध्ये जून २०१० च्या निवडणुकीनंतर डच आणि फ्रेंच भाषकांच्या पक्षांचं जमेना. नवं सरकार यायला ५४१ दिवस लागले. काळजीवाहू मंत्री रोजचं काम बघत होते. शाळा, न्यायालयं चालू होती. युरोपीय संघाचं सहा महिन्यांचं अध्यक्षपदही त्या देशानं याच काळात सांभाळलं.

ब्रिटनमध्ये विरोधी पक्षाच्या अधिकृत नावातच ‘राजनिष्ठ’ हा शब्द आहे. निष्ठा राजमुकुटाशी, म्हणजेच राज्याशी, विरोध मंत्रिमंडळाला. आपल्याकडे १९७७ च्या कायद्यानं संसदेतल्या विरोधी पक्षनेत्याला पगार मिळू लागला. सरकारला जाब विचारणं हे राज्याचंच काम आहे, हे आपण कायद्यानं मान्य केलं.

हा फरक पुसला की काय होतं, ते जर्मनीत दिसलं. ऑगस्ट १९३४ मध्ये तिथल्या सैनिकांना देशाऐवजी हिटलर या व्यक्तीशी निष्ठेची शपथ घ्यावी लागली. व्यक्ती, सरकार आणि राज्य एकच झाले. आपल्याकडे मंत्री शपथ घेतो ती संविधानाशी निष्ठेची, पंतप्रधानांशी नव्हे.

हे सगळं पुस्तकी वाटेल. पण माझ्यासारखं नाव असलेल्या माणसानं रस्त्यातल्या खड्ड्याबद्दल तक्रार केली, तरी ‘देशाबद्दल असं बोलता?’ असं विचारणारा कुणीतरी भेटतो. खड्डा नगरपालिकेचा असतो हो, देशाचा नसतो! आणि हा प्रश्न आज मला विचारला जातो, उद्या शेतकऱ्याला, परवा विद्यार्थ्याला विचारला जाईल.

म्हणून रेशनचा, शाळेचा, दवाखान्याचा हिशेब जरूर मागा. दिवाणजीकडे हिशेब मागणारा माणूस वाड्याचा वैरी नसतो. तो वाड्यातलाच असतो.